माझाच विश्वास कमी पडला का?

इंदूरला पलासियाजवळ समुपदेशनाला बसते मी, या कामाला बरीच वर्षं झाली, आणि मराठी ख्रिस्ती घरांतून येणारा एक प्रश्न आता मला आधीच कळतो. घरातलं माणूस गेलेलं असो, कॅन्सर परत आलेला असो, पोराची नोकरी सुटलेली असो, थोडं बोलून झालं की आवाज खाली येतो आणि विचारतात, मॅडम, माझाच विश्वास कमी पडला का?

त्यातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मिस्टरांच्या किडन्या गेल्या, काही वर्षं डायलिसिसवर काढली, मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, उपास-प्रार्थना केल्या, पण ते गेले. दफनविधीनंतर नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही घट्ट धरून राहिला असता तर प्रभूने सोडलं नसतं. झालं. तेव्हापासून ताई उपासनेला जायच्या पण भजनाला तोंड उघडायचं नाही.

"मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो असं येशू म्हणतो ना, माझा तेवढाही नव्हता?"

मी विचारलं, मग प्रेषित पौलाचा कमी होता का? शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा राहिलाच, बायबलात 2 करिंथ 12 मध्ये आहे, ताईंना पाठ होतं, संडे स्कूल शिकवलंय त्यांनी. "पौलाचं वेगळं," म्हणाल्या. हे पण नेहमीचंच. दुःखातल्या माणसाला मुद्दा पटतो पण रात्री झोप येत नाही, म्हणून वचनं टाकून वाद जिंकायच्या मी भानगडीत पडत नाही.

मधल्या बैठकांमध्ये बायबलमधलं स्तोत्र 88 मोठ्याने वाचायला दिलं, ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ नाही. "हे असंच संपतं?" विचारून त्या रडल्या, देवाशी भांडल्या, बरंच काही बोलल्या जे मंडळीत बोलता येत नाही. मोकळं वाटलं पण दोष स्वतःलाच.

गाठ सुटली मार्कच्या शुभवर्तमानाचा 2रा अध्याय वाचताना. पक्षघाती माणसाला चौघे बाजेवर घेऊन येतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही तर छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास पाहतो. मी विचारलं, बाजेवरचा काय बोलतो? ताईंनी परत वाचलं. "काहीच नाही." त्याचाही विश्वास असेल, नाही कशाला म्हणा, पण त्याचं एक वाक्य नाही तिथे.

ताई चिडल्या. "पण तो उठून चालला. आमचे नाही उठले."

"नाही उठले. पण मी त्यांचं बोलतच नाहीये ताई. आज बाजेवर तुम्ही आहात."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कोण उचलणार, मी तर सगळ्यांना ठीक आहे, प्रभूची कृपा, असंच सांगते."

खरं सांगू, हे वाक्य मला हवं होतं आणि ते त्यांच्याच तोंडून आलं. माझं मत पक्कं आहे, संकटात टिकणारा विश्वास एकट्याने मोजायची गोष्टच नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण प्रवचनात नेहमी येतं, आईवडील दुष्काळात गेले, नवरा 1882 ला गेला, एकुलती मुलगी मनोरमा 1921 ला, तरी डगमगल्या नाहीत वगैरे. पण केडगावला त्यांनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती किती बायका होत्या हे कुणी सांगत नाही!

मग मी त्यांची बाज उचलतील अशी चार नावं लिहायला सांगितली. मुलगा, महिला मंडळातल्या एक बाई, आणि शेजारीण जी दर रविवारी पोहे आणून देते. "ती ख्रिस्ती नाही, चालेल?" मी म्हटलं, बाज आणणाऱ्या त्या चौघांची तर नावंही बायबल सांगत नाही. चौथी जागा रिकामी राहिली, राहू दे. काम एकच, त्या आठवड्यात एकीला तरी फोन करून सांगायचं की माझ्याकडून प्रार्थना होत नाहीये, माझ्यासाठी तू कर. मंडळातल्या बाई आल्या, उपदेश न करता बसून राहिल्या. बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही पहिले 7 दिवस हेच केलं होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

तुमच्याकडे असं कोणी असेल तर कारण शोधायला जाऊ नका, डबा द्या, बँकेत सोबत जा. आणि जेवण-झोप महिनोन्महिने गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर आधी डॉक्टर, प्रार्थना त्याच्या सोबतीने, त्याच्याऐवजी नाही.

आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीसमोर सांगायला, बरे झालेलेच उभे राहतात. ताई मागे एका रविवारी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, माझे मिस्टर बरे झाले नाहीत, मला अजून राग आहे आणि मी इथे आहे. पाळकांनी घाईघाईत पुढचं भजन सुरू केलं. पण तेव्हापासून त्याच मंडळीतून मला फोन यायला लागलेत, आणि त्यातला एक नणंदेचा होता.