पहिली ॲनिमेशन फिल्म: रंगांआधी ॲनिमॅटिक

पाच मिनिटांची फिल्म करायची म्हणतेस, तर आधी गणित मांड. सेकंदाला २४ फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेमवर धरलंस, तरी सेकंदाला १२ चित्रं. पाच मिनिटांची झाली ३,६००. क्लीनअप (कच्च्या रेषा स्वच्छ काढणं), रंग, बॅकग्राउंड हे सगळं वेगळंच. एकटीच्या हातून दोन मिनिटं नीट झाली तरी पुष्कळ.

स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार काढलेल्या कच्च्या चित्रांची मालिका, भिंतीवर छान दिसतो, पण तो फसवतो. खरी परीक्षा ॲनिमॅटिकची, म्हणजे तीच चित्रं वेळेनुसार आवाजासकट लावून केलेल्या कच्च्या फिल्मची. कच्ची चित्रं टाइमलाइनवर लाव, संवाद मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून खाली टाक आणि गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखव. मध्ये एक अक्षर बोलू नकोस (हे फार जड जातं). संपल्यावर ‘आवडलं का’ नको, ‘काय घडलं ते सांग’ असं विचार. समोरचा जिथे अडखळेल, तिथला शॉट पुन्हा बघ. माझ्या पहिल्या फिल्मला मी ही पायरी गाळली आणि रंगवून झालेले ४० सेकंद एडिटमध्ये कापावे लागले. अजून आठवलं की जीव हळहळतो.

पात्र साधं ठेव. चौकड्यांचा शर्ट दिलास, तर प्रत्येक चौकडी शेकडो वेळा तुलाच काढायचीय. लिप सिंक (संवादाबरहुकूम ओठ हलवणं) टाळता आलं तर टाळच.

आणि साउंड शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. पावलांचा आवाज नेमका बसला, की थोडी कच्ची चालही खपून जाते.