आजी अमरावतीची, निवेदक कुठला?

सप्रेम आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्या वेळी आजी आवडली, दुसऱ्या वेळी निवेदकाचा राग आला. आजी म्हणते, ‘मले नाई जमत बा दवाखान्यात जाणं.’ झकास! आणि लगेच खाली: ‘आजीने नकारार्थी मान हलवली व ती स्वयंपाकगृहात निघून गेली.’ त्या घरात स्वयंपाकगृह कुठून आलं? चूल आहे ना तिथं? ‘आजी चुलीपाशी जाऊन बसली’ एवढं पुरे होतं. ‘नाही’ तर ती आधीच म्हणालीय.

सांगतंय कोण, हे आधी ठरव. नातू असेल तर ‘तिनं चहा ठेवला’ म्हणेल. तालुक्याहून पाहणीला आलेला साहेब ‘तिने चहा ठेवला’ लिहील. मात्रा जाऊन टिंब आलं, बाकी काही नाही. पण तेवढ्यानं सांगणारा ओसरीवरून घरात येतो. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही पात्राच्या तोंडी ‘केलं, म्हटलं’ला जागा ठेवलीय. तुझ्या तिसऱ्या पानावर ‘तिनं’ आणि ‘तिने’ आलटून पालटून येतात. चार वेळा, मी मोजलं.

निवेदन प्रमाण भाषेत नको, असं मी म्हणत नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीत (१९६०) संवाद वऱ्हाडीत आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत. ते खुपत नाही, कारण ती मराठी साधी आहे, नायिका कौतिक, तिच्या घरात परकी वाटत नाही. उलट भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) सांगणारा पोक्या नाक्यावरचाच, म्हणून निवेदनही नाक्याच्याच भाषेत. दोन्ही चालतं. तुझं मधल्यामध्ये लोंबकळतंय.

आता बोलीचं. पान दोनवर हीच आजी म्हणते, ‘न्हाय गं, म्या न्हाय जायाची.’ अमरावतीची बाई एका पानात साताऱ्याला पोचली! शब्द मोडले की ग्रामीण झालं, ही खोड आपल्याकडे जुनी आहे, मीही तरुणपणी पुष्कळ मोडलेत. त्यापेक्षा तिचं एखादं ‘मले’, एखादं ‘काहून’ ठेव आणि वाक्याचा हेल सांभाळ. ‘जमत नाही मला’ आणि ‘नाई जमत बा’ यांतला फरक नुसता उच्चाराचा नाही. त्या ‘बा’मध्ये तिनं विषय संपवलाय.

शेवटचं तिचं वाक्य, ‘जा, गाडी चुकन तुही’, त्याला हात लावू नकोस. त्याखाली तिच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल दीड ओळ लिहिलीयस, ती खोडून टाक आणि कथा परत पाठव.