बालवाडीत नुसतंच खेळतो!

प्रश्न : माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. त्याच्या बालवाडीत निम्मी सकाळ मुक्त खेळात जाते. ताई बाजूला बसून नुसत्या बघतात, मुलं भांडली तरी लगेच मध्ये पडत नाहीत. शेजारची मुलगी शंभरपर्यंत अंक लिहिते. हा मात्र ‘मी करणार’ म्हणत चपलेसाठी रोज दार अडवतो. बालवाडी बदलावी का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई नुसत्या बघतात म्हणून तरी बदलू नका. मी उमेदीची वर्षं बालवाडीत काढली. बघत बसणं हे त्यातलं सगळ्यात जड काम. हात शिवशिवतात हो! पोर एका वाटीतले हरभरे दुसरीत ओततंय, निम्मे खाली. आपण वाटी धरली की खेळ आपला झाला. थांबलो, तर तेच वाटी खाली टेकवतं, दुसऱ्या हाताने धरतं, मग सांडलेले दाणे चिमटीने वेचत बसतं. उद्या पेन्सिल धरायची ती याच चिमटीने. अंकांची घाई नको.

चावाचावी, मारामारी झाली तर ताईंनी उठायलाच हवं. तेवढं विचारून घ्या. बाकी भांडणं मुलं मिटवतात. आमच्याकडे भातुकलीत दोघींनाही आई व्हायचं होतं. मी ‘आळीपाळीने’ सुचवलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी एक आई झाली, दुसरी माहेरी आलेली आत्या. आणि आत्याने आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला!

हे नवं फॅडही नाही. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे हीच साधनं. ३ ते ८ वयोगटासाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही भर खेळावरच आहे.

राहिली चप्पल. त्याला दहा मिनिटं आधी उठवा. ‘चप्पल घालतोस का?’ विचारलंत तर ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा. त्यापेक्षा ‘सँडल की बूट?’ विचारा. उलटसुलट घातली तर तशीच जाऊ द्या, टोचली की तोच बदलेल. रस्ता ओलांडताना हात धरायचा, तिथे मात्र निवड नाही. हे घराबाहेर पडण्याआधीच सांगून ठेवा.