वर्षाला अडीच हजार मैल ट्रेलर ओढायचा, तर डिझेल ट्रक घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब कोलोराडोत ऑरोराला राहतं. दोघं नोकरीत, मिळून उत्पन्न २,२४,००० डॉलर, मुलं १३ आणि १० वर्षांची. २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेऊन झाला आहे, त्याचं कमाल वजन ७,००० पौंड. वर्षाला ट्रेलर लावून २,५०० मैल, ट्रेलरविना १०,००० मैल. ऑफिस ६ मैलांवर. उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येतात, तेही सहलीला सोबत असतात. डीलरने दोन भाव दिले आहेत: फोर्ड एफ-१५० एक्सएलटी, ३.५ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो असलेलं गॅस इंजिन), ५८,००० डॉलर. आणि एफ-२५० एक्सएलटी, ६.७ लिटर डिझेल, ७६,००० डॉलर. डाउन पेमेंट १२,०००, बाकीचं कर्ज ६.५ टक्क्यांनी ७२ महिन्यांचं. मित्रांचं म्हणणं, “ट्रेलर ओढायचा तर डिझेलच, मायलेजमध्ये पैसे वसूल होतात.” (भारतातल्या वाचकांसाठी: इथे गॅस म्हणजे पेट्रोल, सीएनजी नव्हे.)

डिझेल घेऊ नका. पण डीलरने दाखवलेली ती एफ-१५० सुद्धा घेऊ नका. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून आधी ते.

ट्रक किती ओढू शकतो हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. एफ-१५० बाबत तो १०,००० पौंडांच्या वर जातो, त्यामुळे ७,००० पौंडांचा ट्रेलर किरकोळ वाटतो. घरच्या ट्रकची मर्यादा मात्र बहुतेक वेळा ओढण्यावर नाही, पेलोडवर येते. पेलोड म्हणजे ट्रकच्या स्वतःच्या अंगावर पडणारं वजन: माणसं, सामान, आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) येणारा भार, ज्याला टंग वेट म्हणतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळी पट्टी असलेलं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. काचेचं छत, मोठी चाकं, जास्तीची पॅकेजेस घेतली की तो खाली येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एफ-१५० चं स्टिकर १,५८० पौंडांचं आहे.

आता बेरीज करू. ट्रेलर सामानासह ६,४०० पौंड धरला आणि टंग वेट १३ टक्के धरलं, तर ८३० पौंड. ट्रॅव्हल ट्रेलरला टंग वेट १० ते १५ टक्के लागतंच. ते कमी ठेवलं तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि उतारावर ते फार धोक्याचं असतं. वजन वाटून देणारी हिच ९० पौंड. तुम्ही चौघं ५०० पौंड. सायकली, कूलर, लाकडं मिळून २५०. एकूण १,६७०. म्हणजे आई-बाबा गाडीत बसायच्या आधीच मर्यादा ९० पौंडांनी ओलांडली. ते दोघं बसले की बेरीज १,९५० होते. शिवाय या ट्रकमध्ये पुढे दोन स्वतंत्र सीट आणि मध्ये कन्सोल असेल, तर बसायला जागा पाचच.

एफ-२५० डिझेलचं स्टिकर २,३५० दाखवतं, तिथे ही अडचण नाही. म्हणून तुमचा कल तिकडे झुकला असेल तर ते चुकीचं नाही. पण ती जागा तुम्हाला मोठ्या सांगाड्यामुळे मिळते आहे, डिझेल इंजिनामुळे नाही. डिझेल इंजिन बरंच जड असतं आणि ते वजन पेलोडमधूनच वजा होतं. तीच एफ-२५० गॅस इंजिनाची पाहिलीत तर पेलोड आणखी जास्त दिसेल.

मग राहतं मायलेज. इथे मित्रांचं गणित चुकतं, कारण ते दोन वेगळ्या आकाराच्या ट्रकची तुलना करतात आणि वर्षातले ट्रेलरविना १०,००० मैल विसरतात.

गॅलनचे भाव तुमच्याच पंपाचे घेतो (ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं ते गॅस इंजिनात ठोके कमी देतं): ८७ ऑक्टेन ३.४० डॉलर, ९१ ऑक्टेन ३.७५, डिझेल ३.८०. कोलोराडोत एक गोष्ट बघायची. इथे पंपावरचं “रेग्युलर” ८५ ऑक्टेनचं असतं. इकोबूस्टला किमान ८७ लागतं, म्हणजे तुम्हाला मधली नळी उचलायची आहे. फलकावरचा सगळ्यात स्वस्त भाव तुमच्या हिशोबात धरू नका. ट्रेलर लावून डोंगर चढताना ९१ भरा. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; अशा इंजिनात भार आणि उष्णता एकत्र आली की कमी ऑक्टेनवर इंजिन ठोके देऊ लागतं, संगणक ते थांबवायला ताकद कमी करतो आणि मायलेजही पडतं.

एफ-१५० ट्रेलरविना गॅलनला १९ मैल आणि ट्रेलरसह ९ मैल धरा. वर्षाचा खर्च साधारण २,८३० डॉलर. एफ-२५० डिझेल ट्रेलरविना १६ आणि ट्रेलरसह ११.५ धरा. ३,२०० डॉलरचं डिझेल, वर ८० डॉलरचं डीईएफ, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला लागणारं युरियाचं पाणी. एकूण ३,२८०. ज्या इंधनात पैसे वसूल व्हायचे होते, त्यातच वर्षाला ४५० डॉलर जादा जातात. एफ-२५० च्या आकाराच्या ट्रकना सरकारी मायलेजचं लेबल नसतं, त्यामुळे शोरूममध्ये ही तुलना डोळ्यांसमोर येत नाही.

डिझेलवर अन्याय नको म्हणून एफ-२५० च्याच दोन इंजिनांची तुलना करू. ७.३ लिटर गॅसवाली ट्रेलरविना १३.५ आणि ट्रेलरसह ८ देईल असं धरलं, तर वर्षाला ३,५८० डॉलर. म्हणजे डिझेल ३०० डॉलर वाचवतं. पण त्या इंजिनासाठी सुमारे १०,००० डॉलर जादा मोजावे लागतात. तेलबदलाला ८ ऐवजी १३ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे पाव गॅलन) तेल लागतं, इंधनाचे दोन फिल्टर ठरावीक मैलांनी बदलावे लागतात. सर्व्हिसचे वर्षाला २०० डॉलर जादा धरा. वापरलेल्या डिझेल ट्रकला भाव चांगला येतो हे खरं आहे. ८ वर्षांनी त्या १०,००० मधले निम्मे परत आले असं मानलं तरी हा हिशोब बरोबरीत यायला वर्षाला ८,७०० मैलांच्या आसपास ट्रेलर ओढावा लागेल. तुम्ही ओढता २,५००.

पैशांपलीकडची अडचण ऑफिसच्या ६ मैलांची आहे. डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि अधूनमधून इंजिन जादा इंधन सोडून ती जाळतं. त्यासाठी फिल्टर खूप तापावा लागतो आणि हायवेवर वीस-तीस मिनिटं सलग चालवणं लागतं. दहा-बारा मिनिटांच्या फेऱ्यांत, त्यातही हिवाळ्यात, इंजिनच पुरतं तापत नाही. जाळणी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. सोडलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळतं, तेल पातळ होतं आणि फिल्टर शेवटी तुंबतो. हे दुरुस्तीचे प्रकार स्वस्त नाहीत. त्यात उच्च दाबाचा इंधन पंप गेला आणि त्याची धातूची कणी इंजेक्टरपर्यंत पोहोचली, तर बिल १०,००० डॉलरच्या घरात जातं. अशा बिघाडाचं एक कारण म्हणजे इंधनातलं पाणी, किंवा चुकून भरलेलं गॅस. घरात दोघंजण एकच ट्रक चालवणार असाल तर ही चूक होऊ शकते. असं झालं तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून घ्यायची.

डिझेल इंजिनाला १,००,००० मैलांची वॉरंटी आहे असं डीलर सांगेल. पूर्ण वाक्य असं आहे: ५ वर्षं किंवा १,००,००० मैल, जे आधी होईल ते. तुमच्या वापरात ५ वर्षं ६२,५०० मैलांवर संपतात. गॅसची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. म्हणजे तुमच्यासाठी फरक २,५०० मैलांचा.

डिझेलची एक बाजू खरी आहे आणि ती कोलोराडोतच जास्त जाणवते. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याजवळ ७.३ लिटरच्या ४३० हॉर्सपॉवरमधले तीनशेसुद्धा उरत नाहीत. डिझेलला टर्बो असतो, म्हणून ते तिथे दमत नाही. पण इकोबूस्टलाही टर्बो आहेत, दोन. उंचीचा प्रश्न टर्बोचा आहे, इंधनाचा नाही. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांचा लांब उतार लागतो. तिथे डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) फार उपयोगी पडतो आणि गॅस ट्रकमध्ये तो नसतो. ७,००० पौंडांच्या ट्रेलरला टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारं बटण), उतार सुरू होण्याआधीच टाकलेला खालचा गिअर आणि नीट बसवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) पुरतो. ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असता किंवा दर आठवड्याला घाट ओलांडायचा असता, तर मी डिझेल घ्या म्हणालो असतो.

शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो १५०० मधलं ३.० लिटर डिझेल कुणीतरी सुचवेलच. मायलेज उत्तम, किमतीतला फरकही लहान. पण पेलोड एफ-१५० सारखाच तोकडा आणि काजळीचा फिल्टर आहेच.

आता घरच्या ताळेबंदाकडे. डीलरने सांगितलेल्या दोन किमतींत १८,००० चा फरक. ८ टक्के विक्रीकर धरून १९,४४०. कर्जाच्या हप्त्यात महिन्याला ३२७ डॉलर, ६ वर्षांत त्यावरचं व्याज ४,०९०. कोलोराडोत नोंदणीबरोबर मालकीकर मूळ छापील किमतीच्या ८५ टक्क्यांवर लागतो, पहिल्या वर्षी २.१ टक्के आणि पुढे उतरत जातो. छापील किमतींतही तेवढाच फरक धरला तर ८ वर्षांत १,१५० जादा. इंधन ३,६००, सर्व्हिस १,६००. बेरीज ३०,००० च्या जवळ. विकताना ९,००० जास्त आले असं मानलं, तरी २१,००० डॉलर गेले.

कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, हेही तुम्हाला सांगण्यात आलं आहे. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी अमेरिकेत जोडलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा होतं, हे खरं. पण एकत्रित विवरणपत्रात उत्पन्न २,००,००० च्या वर गेलं की दर १,००० मागे वजावट २०० नी कमी होते. तुमच्या २४,००० मागे ती ४,८०० नी घटते. पहिल्या वर्षाचं व्याज एफ-१५० वर सुमारे ३,०००, एफ-२५० वर सुमारे ४,२००. दोन्हीकडे हातात शून्य. आणि ६,००० पौंडांवरची गाडी करातून पूर्ण कापून मिळते, ही सवलत व्यवसायात निम्म्याहून जास्त वापर असलेल्या गाडीची आहे. ऑफिसला जाणं-येणं त्यात बसत नाही.

महिन्याचे ते ३२७ डॉलर मोठ्या मुलाच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) जावेत असं मला मनापासून वाटतं. तो १३ वर्षांचा आहे, कॉलेजला पाच वर्षं उरली आहेत, आणि कोलोराडोच्या योजनेत टाकलेली रक्कम मर्यादेच्या आत राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. ४०१(के) ची, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याची, मर्यादा भरायची राहिली असेल तर आधी ती.

तर ट्रक कुठला? एफ-१५० एक्सएलटी, तेच ३.५ लिटर इंजिन, पुढे तिघांची सलग सीट, काचेचं छत नाही, जड वजन वाहण्याचं पॅकेज आणि स्टिकरवर २,००० पौंड किंवा जास्त. डीलरच्या आवारात असा ट्रक क्वचित उभा असतो, ऑर्डर देऊन थांबावं लागेल. नाही मिळाला तर एफ-२५० गॅस, सुमारे ६६,०००. चढावर हळू जाल, इंधनाला वर्षाला ७५० जादा लागतील, पण वजनाची काळजी राहणार नाही. ती घेण्याआधी गॅरेज मोजा. चार दारांची आणि छोट्या बेडची (मागच्या सामानाच्या हौद्याची) एफ-२५० सुद्धा २५० इंच लांब आहे, २० फुटी गॅरेजमध्ये दार बंद होत नाही.

सही करण्याआधी ट्रेलर सहलीला निघतो तसा भरा, पाण्याच्या टाकीसकट. ४० गॅलन पाणी म्हणजेच ३३० पौंड. टंग वेट मोजायचा छोटा हायड्रॉलिक काटा मिळतो, तो पुढच्या टोकाखाली लावा. आकडा ८३० च्या ऐवजी ९५० आला, तर वरच्या बेरजेत १२० मिळवा आणि मगच स्टिकर वाचा.