“डॉक्टरकडे गेला तर रेकॉर्डला लागेल ना?”

“ताई, मुलाने लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरला मनाचं दुखणं सांगितलं तर कायमचं रेकॉर्डला लागेल ना? पुढे नोकरीचं काय?” सिंगापूरमधल्या आपल्या आया हे मला नेहमी विचारतात. इथे पीआर (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या) कुटुंबात वाढलेल्या मुलांनाही नॅशनल सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेची, दोन वर्षं चुकत नाहीत.

असंच विचारणाऱ्या एका आईंचा मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पुलाउ तेकोंग बेटावर ट्रेनिंगला होता. रविवारी बुक-इनच्या, म्हणजे कॅम्पात परत हजर होण्याच्या, आधी बूट पॉलिश करायला बसायचा आणि चकचकीत झालेला तोच बूट अर्धा तास घासत राहायचा. हाक मारली तरी मान वर नाही. बेटावर परत जायला पासिर रिस भागात सोडेपर्यंत गाडीत चकार शब्द नाही.

“होईल सवय,” वडील म्हणायचे. बऱ्याच जणांना होते. सुरुवातीच्या रडण्याला, घरच्या ओढीला मी आजार म्हणत नाही. मी शनिवारचं विचारते. घरी आल्यावर तरी हसतो का, मित्रांना भेटतो का, जेवतो का? ह्याचा शनिवारही मेला होता. महिनाभर भूक नाही, पहाटे तीनला झोप मोडायची.

मी त्याला सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “कधी कधी,” तो म्हणाला. मग हळूच, “पण आंटी, सगळे म्हणतील मी केंग करतोय.” केंग म्हणजे दुखण्याचं सोंग. या एका शब्दाच्या धाकाने किती मुलं गप्प बसतात! मला याचा फार राग येतो.

त्याच संध्याकाळी आईवडिलांनी त्याच्या कमांडरला फोन केला. सकाळी तो मेडिकल ऑफिसरकडे गेला, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे. औषधं सुरू झाली, बंदुकीपासून लांब ठेवलं, टेबलावरचं काम मिळालं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर फिरवायला 1767 हा मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर घरात सगळ्यांनी पाठ केला.

आता रेकॉर्डचं. सैन्याच्या वैद्यकीय नोंदीत हे राहतं, मी लपवत नाही. पण नोकरीच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल सरसकट विचारणं इथल्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भेदभाव धरलं जातं. नोंदीच्या भीतीने उपचार लांबवू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

परवा त्या आईंचा फोन आला. शनिवारी आल्यावर त्याने बूट दारातच काढले आणि रविवारी चारपर्यंत त्यांना हात लावला नाही.