दूध एकदम बंद करू नका

दूध पचत नाही हे कळल्यावर सगळेच दुग्धपदार्थ सोडायची घाई करू नका. लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) कमी पडलं की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचता मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात आणि मग गॅस, पोटात गुरगुर, जुलाब. त्रास होतो खरा, पण आतड्याला इजा होत नाही.

किती सोसतं ते प्रत्येकाचं वेगळं. बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, साधारण कपभर दूध, फारसं बाधत नाही, त्यातही जेवणासोबत घेतलं तर. तुम्ही मात्र अर्ध्या कपापासून सुरुवात करा आणि काय खाल्लं, किती वेळाने पोट फुगलं, हे वहीत लिहा. दही बहुतेकांना सोसतं, कारण त्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये तर ते नावालाच उरतं.

पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’ (दुधातले घन घटक), ‘व्हे’ (दूध फाटल्यावर उरणारं पाणी) हे शब्द शोधा; ते असले की लॅक्टोज आलंच. काही गोळ्यांतही लॅक्टोज असतं.

अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, तर ती दुधाची अ‍ॅलर्जी असू शकते; तिथे लॅक्टोजमुक्त दूधही चालत नाही. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर गाठा.