एकाच गणितावर दोन दिवस बसते, थांबवू का?

पत्र : मुलगी नववीत आहे, निपाणीत मराठी माध्यमाच्या शाळेत. गणित ऑलिंपियाडचे जुने पेपर कुठूनतरी मिळवलेत. फंक्शन आणि संख्यांवरच्या एकेका गणितावर दोन-दोन दिवस बसते, तरी बरीच सुटत नाहीत. पुढे दहावी, पीयूसी (अकरावी-बारावी), सीईटी आहे. हा नाद बंद करावा, की रविवारी कोल्हापूरला क्लासला घालावं? — एक वडील

नमस्कार.

नाद बंद करू नका, आणि क्लासही यंदा राहू द्या. आधी त्या दोन दिवसांत ती करते काय, ते बघा. कागदावर खाडाखोड दिसत असेल तर उत्तम. कागद कोरा असेल तर तिला सुरुवात कुठून करायची हे कळत नाहीये. त्यात नवल नाही. फंक्शनचा धडा शाळेत पहिल्या पीयूसीला येतो.

तिला हे गणित द्या. फ हे फंक्शन प्रत्येक नैसर्गिक संख्येला एक नैसर्गिक संख्या देतं. संख्या वाढली की फ ची किंमतही वाढते. कुठल्याही म, न साठी फ(म × न) = फ(म) × फ(न). शिवाय फ(२) = २. तर फ(१००) किती?

बहुतेक मुलं १०० लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर आहे, पण दुसरं काही येऊच शकत नाही हे कुठे दाखवलं? लहान संख्यांपासून चालायचं. फ(४) = २ × २ = ४. फ(३) ही २ आणि ४ च्या मधली, म्हणजे ३ च. फ(८) = ८. आता ५, ६, ७ च्या किमती ४ आणि ८ च्या मध्ये चढत्या क्रमाने बसवायच्या. संख्या तीन, जागाही तीनच. असंच ६४ आणि १२८ पर्यंत गेलं की १०० ला दुसरी जागा उरत नाही.

मग अट ढिली करा : गुणाकाराचा नियम म आणि न मध्ये १ सोडून सामाईक विभाजक नसेल तेव्हाच चालेल. आता २ × २ करता येत नाही, पहिलीच पायरी निखळली. तरी फ(३) = ३ च येतं. त्यासाठी फ(१५) आणि फ(१८), फ(९) आणि फ(१०) यांची तुलना करावी लागते. एवढंच सांगा, पुढचं तिचं तिला करू द्या. यावर चार दिवस गेले तरी हरकत नाही.

अगदीच अडली तर गणितज्ञ द. रा. कापरेकरांकडे वळवा. देवळालीच्या या शाळामास्तरांचा चार अंकी संख्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असतो. तीन अंकी संख्यांचा ४९५ कमी. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच (९९ आले तर ०९९ धरा). तिन्ही अंक सारखे नसले की शेवटी ४९५. वजाबाकी दर वेळी ९९ च्या पटीत येते, त्यामुळे नववीतल्या मुलीला याची सिद्धता जमण्यासारखी आहे.

ऑलिंपियाड परीक्षेचं थोडक्यात. पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा : तीन तास, ३० प्रश्न, उत्तरं ०० ते ९९ मधली. गेली काही वर्षं ती सप्टेंबरमध्ये होते. पुढच्या आरएमओत, म्हणजे विभागीय फेरीत, सहाच प्रश्न, पण सिद्धता पूर्ण लिहायची; वर केलेली मेहनत तिथे कामाला येते. शाळा निपाणीची, म्हणून तिचा विभाग कर्नाटक. क्लास कोल्हापूरला लावला तरी त्यात बदल नाही. पेपर इंग्रजीतून सोडवायचा असं धरूनच सराव करू दे.

सीईटीची काळजी रास्त आहे. कर्नाटक सीईटीत गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात. तो वेग ऑलिंपियाडने येत नाही. त्याचा सराव वेगळा, आणि तो पीयूसीला सुरू केला तरी चालतो. नववीपासून घड्याळ लावून बसवलंत तर पोरगी गणिताला कंटाळेल, हे मी सरळ सांगतो.

इंजिनिअरिंगच करायचं ठरलं, तर महाराष्ट्रातल्या प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. आपलं गाव यादीत आहे का, ते आत्ताच बघून ठेवा. गणितच आवडलं, तर बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ. ही गणिताची पदवी आहे आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. दोन्हीकडे स्वतःची प्रवेश परीक्षा असते. त्यांचे जुने प्रश्न दहावीनंतरच्या सुट्टीत तिच्यासमोर ठेवा; ती ते उचलते की बाजूला सारते, यावरून पीयूसीला कुठल्या तयारीला किती वेळ द्यायचा ते ठरवू.